शीत आघाडी गेल्यानंतरचे ७२ तास: थंडीचा स्थानिक अंदाज कसा बांधावा

शीत आघाडी, म्हणजे उबदार हवेला ढकलत सरकणाऱ्या थंड हवेची पुढची कड, येते तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे असते. ढग दाटतात, पाऊस किंवा बर्फ पडतो, वारा सुटतो, पारा झरझर उतरतो. आघाडी पुढे सरकली, लख्ख ऊन पडले, की आपण अंदाज बघणेच सोडून देतो. हिवाळ्यातले बरेचसे नुकसान नेमके यानंतर होते. पिकांना, पाण्याच्या नळांना, पहाटेच्या वाहतुकीला आणि उघड्यावर झोपणाऱ्या माणसांना सर्वांत घातक ठरणारी रात्र बहुधा आघाडीनंतरची दुसरी किंवा तिसरी असते. तेव्हा वारा पडलेला असतो, आकाशात ढगाचा ठिपका नसतो आणि दिवस छान उबदार गेलेला असतो.

म्हणून हा लेख आघाडी येण्याबद्दल नाही, ती गेल्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल आहे. ७२ तासांपर्यंतच्या अंदाजाला अल्पकालीन अंदाज म्हणतात आणि आजच्या हवामानशास्त्राची पकड या मुदतीत चांगली आहे. तरीही मोबाइलवरचा आकडा एका मोठ्या चौकोनाची सरासरी सांगतो. तुमचा खोलगट शेतमळा, तुमचा घाटरस्ता, तुमचे तळ्याकाठचे गाव त्या सरासरीपासून किती ढळेल हे तुम्हालाच ठरवावे लागते. ते ठरवायला महागडी साधने लागत नाहीत. जवळच्या वेधशाळेचे किंवा विमानतळाचे ताशी निरीक्षण, उपग्रहाचे चित्र, समदाब रेषांचा (हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि एक वही पुरते.

(वाऱ्याच्या दिशा खाली उत्तर गोलार्धाच्या दिल्या आहेत. दक्षिण गोलार्धात आघाडीमागचा वारा साधारणपणे नैर्ऋत्येकडून येतो.)

पायरी १: आघाडी खरोखर गेली का, ते पक्के करा

तापमान उतरले म्हणजे आघाडी गेली, हा निष्कर्ष दिवसा बऱ्याचदा बरोबर ठरतो आणि रात्री फसवतो. आघाडी येण्याआधीची रात्र शांत असेल तर जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर साचलेला असतो. आघाडीबरोबर आलेला जोरदार वारा तो थर ढवळून काढतो, आणि शीत आघाडी गेल्यावर थर्मामीटर चक्क एक-दोन अंश वर चढतो. त्यामुळे तापमानाआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, वाऱ्याची दिशा. दक्षिण किंवा नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा वळून पश्चिम-वायव्येकडून येऊ लागतो. दुसरी, हवेचा दाब. तो आघाडी येईपर्यंत घसरतो आणि ती जाताच चढू लागतो. आलेखावर ही दरी स्पष्ट दिसते. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची, दवबिंदू. हवेतली वाफ संपृक्त होऊन दव पडू लागते ते तापमान म्हणजे दवबिंदू. ऊन-सावलीने हवेचे तापमान वरखाली होते, पण दवबिंदू हवेच्या मूळ जातीबद्दल सांगतो. तो दोन-तीन तासांत पाच-सहा अंशांनी कोसळला तर कोरडी, परकी हवा तुमच्यापर्यंत पोहोचली, यात शंका उरत नाही.

हा बदल किती टोकाचा असू शकतो याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत कमाल तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअस आणि किमान उणे ८ नोंदले गेले. एकाच दिवसाचे हे दोन्ही आकडे त्या तारखेचे विक्रम ठरले.

पायरी २: मागून आणखी काही येत आहे का?

जमिनीवरची आघाडी पुढे गेली तरी वरच्या थरांतला कमी दाबाचा पट्टा बऱ्याचदा कित्येक तास मागे असतो. तो डोक्यावरून जाईपर्यंत वरची हवा फार थंड राहते, खाली जमीन थोडी तापते आणि दुपारी फुलकोबीसारखे ढग उभे राहून सरी कोसळतात. उपग्रहाच्या चित्रात आघाडीचा सलग पांढरा पट्टा, त्यामागे मोकळी जागा आणि मग ठिपक्याठिपक्यांच्या ढगांचे शेत दिसले, तर ते शेत म्हणजे हीच अस्थिर थंड हवा. ते तुमच्यावरून सरकेपर्यंत "आकाश निरभ्र राहील" असे लिहू नका.

नकाशात समदाब रेषाही मोजा. रेषा दाट आहेत तोवर वारा राहणार. त्या विरळ होत उच्च दाबाचे केंद्र जवळ येते तेव्हा वारा पडणार. हे केंद्र तुमच्या भागावर कोणत्या रात्री येईल, एवढे एक उत्तर सापडले की अर्धा अंदाज झाला.

पायरी ३: वाऱ्याच्या उगमाकडे बघा

उद्याची हवा आज कुठेतरी आहेच. वारा वायव्येकडून ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल तर दहा तासांनी तुमच्याकडे पोहोचणारी हवा आत्ता साधारण ३०० किलोमीटर वायव्येला आहे. त्या दिशेची, शक्यतो तुमच्याएवढ्याच उंचीवरची दोन-तीन केंद्रे निवडा आणि त्यांचे दवबिंदू वहीत लिहा. तिथे दवबिंदू उणे ४ आणि तुमच्याकडे अजून अधिक २ असेल, तर कोरडेपणा वाढत जाणार आहे.

इथे तापमानापेक्षा दवबिंदू घ्यायचे कारण असे, की वाटेत ऊन लागून हवा तापते, रात्री निवते. वाफ मात्र त्या मानाने टिकून राहते. वाटेत मोठे जलाशय असतील तर हवा ओल घेते, डोंगर उतरून आली तर तापते आणि आणखी कोरडी भासते. कोरडी हवा खाली उतरताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते, त्यामुळे डोंगराच्या आडोशाच्या बाजूची गावे त्याच आघाडीनंतर बरीच सौम्य राहू शकतात.

सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल पातळीवरच्या तापमानाचा नकाशा मिळाला तर जरूर बघा. जमिनीचा रोजचा चढउतार तिथे फारसा पोहोचत नाही, म्हणून थंड हवेची जीभ कुठवर आली आहे आणि तिचा गाभा अजून यायचा आहे की गेला, ते तिथे स्वच्छ दिसते.

पायरी ४: पहिला दिवस वाऱ्याचा

पहिल्या दिवसाच्या अंदाजात दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

एक, कमाल तापमान. आघाडी मध्यरात्रीच्या सुमारास गेली तर त्या तारखेचे कमाल तापमान रात्री बारा वाजून दहा मिनिटांनीच नोंदले गेलेले असते. ॲपवर "कमाल १२ अंश" दिसते आणि दुपारी प्रत्यक्षात ५ अंश असतात. म्हणून अशा दिवशी कमाल-किमानाची जोडी बाजूला ठेवून ताशी तक्ता बघा. शाळेची सहल किंवा बांधकामाचे काम ठरवताना दुपारी दोनचे तापमान कामाचे आहे.

दोन, वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार हवा ५ अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला ० अंशांसारखा लागतो. हवा ० अंशांवर असेल तर उणे ६, आणि उणे १० असेल तर जवळजवळ उणे २०. हे आकडे माणसांसाठी आणि जनावरांसाठी आहेत. नळातले पाणी, गाडीचा रेडिएटर, झाडाचे पान वाऱ्यामुळे लवकर थंड होते, पण कोरड्या वस्तूला वारा हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. हवा ३ अंशांवर आहे आणि जाणवते उणे ३, एवढ्यावरून नळ फुटेल असा इशारा देऊ नये. असे फुकाचे इशारे दिले की लोक पुढचे खरे इशारेही कानाआड करतात.

झोतांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. दुपारी जमीन तापून हवा वरखाली घुसळते तेव्हा वरचा वेगवान वारा झोतांच्या रूपाने खाली येतो. म्हणून आघाडीनंतरच्या स्वच्छ दिवशी वारा दुपारी सर्वांत जोरात असतो आणि सूर्य कलताच मंदावतो. संध्याकाळी तो किती झपाट्याने पडतो, इकडे नीट लक्ष द्या. पुढच्या पायरीची सुरुवात तिथूनच होते.

पायरी ५: रात्रीचे किमान तापमान

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि सर्वांत जास्त वेळही इथेच द्या.

रात्री जमीन उष्णता आकाशाकडे फेकत असते. ढग असतील तर त्यातला मोठा वाटा परत येतो. हवेत वाफ कमी आणि आकाश मोकळे असेल तर उष्णता निसटत राहते. वारा असेल तर वरची तुलनेने उबदार हवा खाली ढवळली जाते आणि पारा फार घसरत नाही. वारा थांबला की जमिनीलगतची हवा एकटी पडते, थंड आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार थर झाकणासारखा बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. म्हणजे आघाडीने आणलेली थंडी हा मामल्याचा निम्मा भाग झाला. उरलेली निम्मी थंडी तुमच्याच जमिनीवर, त्या शांत रात्रीत तयार होते.

सूर्यास्तानंतर तासाभराने हे पाच प्रश्न विचारा. वारा ताशी ८-१० किलोमीटरच्या खाली जाईल का? ढग येतील का? दवबिंदू किती आहे, आणि तो अजून उतरतो आहे का? जमीन ओली, कोरडी की बर्फाखाली आहे? जागा उंचावर आहे की खोलगट?

दवबिंदू इथे पुन्हा कामाला येतो. हवा निवत दवबिंदूपर्यंत पोहोचली की वाफेचे पाणी होऊ लागते आणि त्यातून सुप्त उष्णता सुटते, दर किलो पाण्यामागे सुमारे २५ लाख ज्यूल. त्यामुळे घसरण मंदावते. म्हणून बाहेरून नवी कोरडी हवा येत नसेल तर संध्याकाळचा दवबिंदू हा पहाटेच्या किमान तापमानाचा चांगला खालचा टप्पा मानता येतो. पारा त्याच्या थोडा खाली जाईल, पण बहुधा फार नाही. दवबिंदूच उणे ६ असेल तर हा आधार फार खाली सरकतो, आणि आघाडीनंतरच्या कोरड्या रात्री म्हणूनच धोक्याच्या.

कल्पित आकडे घेऊन बघू. पहिल्या संध्याकाळी सहा वाजता तापमान ९, दवबिंदू १, वारा वायव्येकडून ताशी २०, आकाश मोकळे. वायव्येच्या केंद्रांवर दवबिंदू उणे ३. समदाब रेषा अजून दाट. वारा रात्रभर राहणार, म्हणून घसरण संथ. मी किमान ३ लिहीन. दुसऱ्या संध्याकाळी तापमान ८, म्हणजे कालच्यासारखेच. पण दवबिंदू आता उणे ३, वारा ताशी ४, दाब वर जाऊन स्थिरावलेला. मी किमान उणे १ ते उणे २ लिहीन, खोलगट भागासाठी उणे ४. संध्याकाळच्या तापमानात फक्त एका अंशाचा फरक होता, पहाटेच्या किमानात चार-पाच अंशांचा पडला. दोन्ही संध्याकाळी अंगाला बघाल तर दुसरी सुखद वाटेल, कारण वारा नाही. माणसे याच सुखद संध्याकाळी रोपे उघडी ठेवून झोपतात.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. जाहीर होणारे तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या थर्मामीटरचे असते. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पात्याजवळ पारा त्याहून तीन ते पाच अंशांनी खाली असू शकतो. म्हणून अंदाजात ३ अंश दिसत असतानाही पानांवर हिमकण जमतात. पिकासाठी अंदाज बांधत असाल तर स्वतःचा एक साधा थर्मामीटर पिकाच्या उंचीवर लावा. याला पर्याय नाही.

खोलगट जागेचे गणित वेगळेच. थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून दरीत, नाल्याकाठी, बांधाआड साचते. उतारावर पन्नास-शंभर मीटर वर गेले तर त्याच पहाटे कित्येक अंश जास्त भरतात. आणि जमिनीवर ताजा बर्फ असेल तर मॉडेलच्या (हवामानाचे गणित करणाऱ्या संगणकी प्रणालीच्या) आकड्यातून आणखी दोन-तीन अंश वजा करायला कचरू नका. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परतवतो, रात्री उष्णता सहज सोडतो आणि जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही.

उलट दिशेनेही चूक होते. उच्च दाबाखाली कधी कधी खालच्या ढगांची चादर विपरीततेखाली अडकून दिवसेंदिवस हलत नाही. अशा वेळी रात्र फार थंड होत नाही आणि दिवस तापत नाही. संध्याकाळच्या उपग्रहचित्रात वाऱ्याच्या दिशेने अशी सपाट, करडी चादर सरकताना दिसली तर किमान तापमान धीटपणे वर घ्या.

पायरी ६: उरलेला पाऊस आणि बर्फ

सपाट, जमिनीने वेढलेल्या प्रदेशात आघाडीनंतर सहसा कोरडे राहते. अपवाद पाण्याकाठचे आणि डोंगराचे.

थंड हवा उबदार पाण्यावरून लांब पल्ला गाठून आली की ती खालून तापते, ओल घेते आणि काठावर हिमवृष्टी करते. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांसाठी वापरला जाणारा ठोकताळा असा: पाण्याचा पृष्ठभाग आणि ८५० हेक्टोपास्कलवरची हवा यांच्या तापमानात किमान १३ अंशांचा फरक हवा. या सरी अरुंद पट्ट्यांत येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत सुमारे २ मीटर बर्फ साचला, शहराच्या उत्तर भागात त्या मानाने फारच कमी. अशा ठिकाणी पट्टा कुठे बसेल हे वाऱ्याच्या दिशेतले दहा-वीस अंश ठरवतात, म्हणून अंदाज दर तीन तासांनी तपासावा लागतो.

पाऊस की बर्फ, हे ठरवताना हवेचे तापमान एकटे पुरत नाही. हवा कोरडी असेल तर पडणारे थेंब बाष्पीभवनाने तिला थंड करतात. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरचे तापमान १ अंशाच्या खाली असेल तर बर्फाकडे कल ठेवा. हवा ३ अंशांवर असली तरीही. साचणाऱ्या जाडीसाठी १ मिलिमीटर पाण्याला १ सेंटिमीटर बर्फ हा सरासरी हिशेब, फार थंड हवेत दीडपट ते दुप्पट.

पायरी ७: रस्ते आणि धुके

आघाडीचा पाऊस रस्त्यावर उरतो आणि त्याच रात्री गोठतो. दिसायला ओला, प्रत्यक्षात काचेसारखा, असा हा थर पुलांवर आधी बनतो, कारण पुलाला खालूनही हवा लागते. वारा जोरात असेल तर तो मध्यरात्रीपूर्वी रस्ते वाळवू शकतो. तो लवकर पडला तर धोका वाढतो.

धुक्यासाठी ओली जमीन, हलका वारा, मोकळे आकाश आणि दवबिंदूच्या जवळ आलेले तापमान लागते. पहिल्या रात्री वारा त्याला जमू देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे ते दाटते. भारतात याचे मोठे रूप गंगेच्या मैदानात दिसते. इथे ठसठशीत शीत आघाडीऐवजी बहुतेक वेळा पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली) येतो, पाऊस देतो, आणि तो पूर्वेकडे सरकल्यावर कोरडे वायव्य वारे थंडी खाली आणतात. वर सांगितलेल्या पायऱ्या तिथेही लागू पडतात, फक्त झंझावात किती पुढे गेला हे वरच्या थरांच्या नकाशावर बघावे लागते. भारतीय हवामान विभाग मैदानी केंद्रात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असताना ते सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक घसरले तर थंडीची लाट मानतो; ६.४ अंशांहून जास्त घसरले तर तीव्र लाट. प्रत्यक्ष किमान ४ अंशांपर्यंत उतरले तरीही लाटच. दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके, ५० मीटरच्या खाली अतिदाट.

पायरी ८: मॉडेल शेवटी उघडा

स्वतःचा अंदाज कागदावर उतरल्यावरच मॉडेल बघा. नाहीतर त्यांचा आकडा डोक्यात बसतो आणि निरीक्षणे त्याला जुळवून घेतली जातात. अमेरिकेचे जीएफएस हे जागतिक मॉडेल रोज चार वेळा चालते. एकाच आकड्याऐवजी समूह अंदाज मिळत असेल तर तो घ्या. त्यात सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून तेच मॉडेल अनेकदा चालवतात, युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) समूहात असे ५१ अंदाज असतात. सगळे एका ठिकाणी गोळा झाले तर ठामपणे सांगा. दोन गटांत फुटले तर बहुधा ढग किंवा वारा यांच्यावरून मतभेद आहे. सरासरी काढून मधला आकडा देऊ नका, दोन्ही शक्यता सांगा: "ढग आले तर ४, न आले तर उणे २."

लिहिताना वेळ, जागा आणि परिणाम तिन्ही घाला. "कडाक्याची थंडी" यातून कुणाला काही करता येत नाही. "बुधवारी पहाटे ४ ते ८, नदीकाठच्या सखल भागात उणे ३ पर्यंत, उतारावर शून्याच्या वर, पुलांवर निसरडे" यातून करता येते. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष किमान शेजारी मांडा. एका हिवाळ्यात तुमच्या जागेचा मॉडेलपासूनचा ठरावीक फरक हाती येतो, आणि तो कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

थंडी कधी संपते

उच्च दाबाचे केंद्र पूर्वेकडे सरकले की दाब घसरू लागतो, वारा आग्नेय-दक्षिणेकडून येऊ लागतो, दवबिंदू चढतो आणि पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग येतात. मोकळ्या मैदानात त्याच रात्री किमान तापमान वर येते. दऱ्यांमध्ये मात्र साचलेली थंड हवा जड असल्याने नवी उबदार हवा तिच्यावरून सरकून जाते आणि खालची गावे आणखी एक-दोन दिवस गारठलेली राहतात. अशात पाऊस आला तर वरून द्रवरूपात पडलेले थेंब खाली गोठलेल्या तारांवर आणि रस्त्यांवर बर्फ होऊन चिकटतात. डोंगरावरच्या केंद्रात तापमान शून्याच्या वर आणि दरीतल्या केंद्रात खाली दिसत असेल, तर दरीसाठी इशारा कायम ठेवा आणि पुढच्या पावसाची वेळ त्याच ओळीत लिहा.